सातबारा कुणाच्या नावावर?

(रंगमंचावर मेज. त्यावर कर्ण्याचा ग्रामोफोन. शेजारी चार्जिंगला लावलेला मोबाइल. कलाकार येतो, ग्रामोफोनला नमस्कार करतो, मोबाइलकडे पाहून नमस्कार आवरता घेतो.)

रसिकहो, संगीताचे मार्गी आणि देशी असे दोन प्रकार आमच्या शास्त्रकारांनी सांगून ठेवले आहेत. कालमानाने त्यांत डाउनलोडी या तिसऱ्या प्रकाराची भर पडली असून, पहिल्या दोहोंना रियाज लागतो, तिसऱ्याला चार्जर.

या तिसऱ्या प्रकाराचे आमच्या घरातील कट्टर वैरी म्हणजे आमचे भाऊकाका. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले त्याला पुष्कळ वर्षे लोटली. परंतु निवृत्त झाला तो मनुष्य, कचेरी त्यांच्या अंगातून अद्याप गेलेली नाही. देवाला नैवेद्य दाखवतानादेखील ते "येणेप्रमाणे" म्हणतात. त्यांच्या खोलीत तबकड्यांची सहा कपाटे असून त्यांची नोंदवही लाल बासनात बांधलेली आहे, आणि ज्याला तबकडी पाहावयाची असेल त्याने आगाऊ अर्ज करावा, असा तेथे अलिखित दंडक आहे.

तर एके दिवशी आमचे चिरंजीव मोबाइल नाचवीत त्यांच्यापुढे उभे राहिले. "आजोबा, अख्खे बालगंधर्व आहेत ह्यात!"

(चष्मा कपाळावर चढवून, अनुनासिक आवाजात) "असतील. सातबारा कुणाच्या नावावर?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे गाणे तुला विकता येईल?"

"नाही."

"गहाण ठेवता येईल?"

"नाही."

"बक्षीसपत्राने मित्राला देशील?"

"त्याला त्याचे वेगळे घ्यावे लागेल."

"तुझ्या पश्चात वारसांना?"

"पासवर्ड फक्त मला ठाऊक आहे."

"आणि महिन्याचा भरणा थकला तर?"

"बंद पडते."

(उठून उभे राहत) "अरे, मग तू मालक कसला, तू कूळ आहेस! आणि तेही कुळकायद्याचे संरक्षण नसलेले! १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा जमिनीचा मालक झाला. ऐकणारा मात्र अजून खंडच भरतो आहे!"

चिरंजीवही काही कमी नाहीत. ते म्हणाले, "महिन्याचे नको असेल तर एकरकमी पैसे भरून गाणे उतरवून घेता येते." आता आली का पंचाईत? भाऊकाकांनी भिंग मागवले, त्या दुकानाच्या अटींचा तो मुंगीच्या पावलांसारखा मजकूर, जो मानवजातीत आजवर कोणी वाचलेला नाही, तो अथपासून इतिपर्यंत वाचून काढला, आणि निकाल दिला: "दुकानदाराने गाणे विकलेले नाही. ऐकण्याचा परवाना दिला आहे, वैयक्तिक आणि अहस्तांतरणीय. पैसे खरेदीखताचे घेतले, हातात दिला दाखला!" आणि हे, रसिकहो, खरे आहे. अशा बहुतेक दुकानांचा कागद हेच सांगतो. आपण 'खरेदी करा' असे लिहिलेले बटण दाबतो आणि घरी येते ती भाडेचिठ्ठी.

पुढे त्याच मोबाइलवर एक ठुमरी लागली. मी विचारले, गायिका कोण? चिरंजीवांनी पडदा दाखवला. त्यावर लिहिले होते, 'अननोन आर्टिस्ट'.

(भाऊकाकांच्या आवाजात) "बेवारस मिळकत! सरकारजमा करा!"

वास्तविक १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानबाईंनी गाणे मुद्रित केले तेव्हा शेवटी स्वतःच्या तोंडाने, तेही इंग्रजीत, आपले नाव ठणकावून सांगितले. कारण मेणावर कोरलेले ते गाणे तबकडी होण्यासाठी जर्मनीतील हानोवरला जायचे, आणि तिथल्या गोऱ्या कारागिराला ही बाई कोण ते कळावे कसे? सव्वाशे वर्षांपूर्वी सातासमुद्रापार जाताना बाईंचे नाव गाण्याबरोबर गेले. आज तेच नाव खिशातल्या खिशात गहाळ होते.

आता तबकडीच्या थाटाविषयी. (ग्रामोफोनला चावी देत) ७८ फेऱ्यांची ही दहा इंची प्लेट. एका बाजूस तीन, फार तर साडेतीन मिनिटे; तेवढ्यात खाँसाहेबांनी राग मांडायचा, बढत करायची, तान घ्यायची आणि सुई मध्यावरच्या कागदावर चढण्यापूर्वी समेवर यायचे. मैफलीत ज्यांना नुसता षड्ज लावायला अर्धी घटका लागे, त्यांना कंपनीच्या साहेबाने वेळेची किंमत शिकवली, जी पुढे आमच्या अध्यक्षीय भाषणकारांना कोणीही शिकवू शकले नाही. (काही नावे मला येथे घेता येतील, पण परवाच्या समारंभाचे मानधन यायचे आहे.) दर प्लेटीला पोलादी सुई नवी, दर प्लेटीला चावी नवी. आणि चावी मध्येच उतरली की काय होई? (आवाज हळूहळू खाली नेत, जड करीत) नायिका विरहात असे ती बघता बघता नायक होई, नायकाचा सासरा होई, आणि शेवटी सासऱ्याचा रेडा होऊन ती थांबे. ह्या रूपांतराला आमच्या नाट्यशास्त्रात नाव नाही. मोबाइलमध्ये सोयच नाही.

(भाऊकाका) "चावी पूर्ण द्यावी. अपूर्ण चावी ही कर्तव्यात कसूर होय."

कॅसेटचेही तसेच. टेप बाहेर आली की षट्कोनी पेन्सिल शोधायची, गोल चालत नसे. तिचे कंगोरे त्या दातेरी भोकात अचूक बसत. शाळेत ज्या पेन्सिलीने आम्हांला भूमिती कधी आली नाही, तिनेच घरी अख्खे 'गीतरामायण' गुंडाळून वनवासातून परत आणले.

तबकड्या मी घेतो त्या पुण्याच्या जुन्या बाजारात. मुंबईला काळ्या घोड्याजवळचे रिदम हाउस हे गाण्यांचे दुकान २०१६ मध्ये मिटले, तेव्हापासून नव्या कोऱ्या वस्तूचा मोह मी सोडलेला आहे. जुन्या बाजारात गंजलेल्या पान्यांच्या आणि एकेकट्या पडलेल्या चपलांच्या शेजारी मला एकदा एक नाट्यगीताची प्लेट मिळाली. पाकिटाचा खाकी कागद कडांना विरलेला. लेबलाच्या मोकळ्या जागेत, भोकाच्या अगदी कडेने, निळ्या शाईतले बारीक अक्षर: 'चि. सौ. कां.', आणि पुढचे नाव पाण्याने पुसलेले. लग्नातली भेट असावी. पहिल्या बाजूवर एकाच जागी एवढी झीज होती की त्या आलापापाशी सुई दरवेळी जराशी घसरे. म्हणजे कोण्या मुलीने, सासरच्या माणसांची निजानीज झाल्यावर म्हणा किंवा दुपारच्या रिकाम्या घरात म्हणा, तेवढाच आलाप पुन्हा पुन्हा, सुई हाताने उचलून मागे ठेवून, ऐकलेला असणार. ती कोण, कुठली, त्या आलापात तिला काय सापडले होते, हे मला कधीच कळणार नाही. पण तिने जिथे कान लावला तिथेच माझाही कान लागतो, आणि एका अनोळखी बाईची आवड माझ्या घरात, माझ्या बोटांखाली खरखरत राहिली आहे. मोबाइलवर एक गाणे कोणी हजारदा ऐको, त्या गाण्याला ओरखडा म्हणून उमटत नाही. प्रेम केल्याची निशाणी राहील कुठे?

(स्तब्धता. मग एकदम भाऊकाका) "फेरफार नोंद झालेली नाही! आधी त्या बाईंची संमती आणा!"

(चष्मा उतरवून) काका, संमतीचे राहू द्या, अमेरिकेच्या नासाचे ऐका. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने त्यांनी अंतराळात सोडली. परग्रहावर कोणी भेटलेच तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून त्यांवर संगीत ठेवायचे ठरले. जगातले सगळ्यांत हुशार लोक ते; त्यांनी काय पाठवले? तबकडी! तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली. बरोबर सुई, आणि झाकणावर ती वाजवायची कशी याची आकृती. आणि त्या तबकडीत गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी. २०१२ साली पहिले यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राची वेस ओलांडून बाहेर पडले. बाई सगळ्यांच्या पुढे आहेत. तिथे नेटवर्क नाही, आणि महिन्याचा भरणा कोण करणार? सुईसुद्धा घरून बरोबर दिली, कारण वाटेत मेहुणे भेटतील या संकटाची नासाला पूर्वकल्पना असावी.

मेहुणे! त्या विषयावर बोलायचे नाही असे मी घरी कबूल करून आलो आहे. तेव्हा थोडक्यात बोलतो. आमच्या हिच्या बंधुराजांनी भाऊकाकांच्या कपाटातील एक प्लेट 'दोन दिवसांकरिता' म्हणून माझ्या जामिनकीवर नेली, आणि धुळीने मळलेली वस्तू परत करणे आपल्या घराण्यास शोभत नाही, या उदात्त भावनेने ती स्पिरिटमध्ये बुडवून, घासून, लखलखीत करून आणली. ७८ ची प्लेट लाखेची असते, रसिकहो. पळसावर आणि कुसुंबावर राहणाऱ्या किड्याची लाख. आणि लाख स्पिरिटात विरघळते! सुताराला विचारा, तो पॉलिश त्याच युक्तीने करतो. बंधुराजांनी आणलेल्या त्या प्लेटीवर सुई ठेवली. (बराच वेळ नुसतीच खरखर) स्वर गेला, शब्द गेले. भाऊकाकांनी नोंदवहीत लाल शाईने शेरा मारला: "गाणे नष्ट. मिळकत कायम. जामीनदारावर इतबार ठेवू नये."

तेव्हा माझी आपणां सर्वांना हात जोडून विनंती आहे. माळ्यावर जुन्या प्लेटी असतील तर त्या रद्दीवाल्याला वजनावर देऊ नका. उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. पुसायच्याच झाल्या तर स्वच्छ पाण्याने ओलावलेल्या मऊ फडक्याने पुसा, मधला कागद कोरडा ठेवा, स्पिरिट लावू नका. आणि मागायला मेहुणे आले, तर पावती घ्या, सही घ्या, शेजाऱ्याची साक्ष घ्या.

(पडदा)