बर्फाला हवे चौदा मीटर

आमच्या घरात बर्फ कुणालाच लागत नाही. आईला माठातलं पाणी लागतं, मला नळाचं चालतं, आणि हिच्या मते सरबतात बर्फ घालणं ही सरबतवाल्याने लिंबात केलेली काटकसर आहे. पाहुण्यांना "बर्फ घालू का?" म्हणून विचारलं तर ते आधी घशाला हात लावतात आणि मग "नको, कालपासूनच जरा..." असं म्हणतात. तरीही आमच्याकडे आपोआप बर्फ करणारा फ्रिज आहे. मुलीच्या हट्टाने घेतला. पुढे ती नोकरीसाठी बंगळूरला गेली. तिने जाताना सतार नेली, सायकल नेली. फ्रिज नेला नाही.

दुकानातल्या मुलाने तेव्हा सांगितलं होतं, "सर, मागून एकदा पाण्याची लाइन दिली की विषय संपला." त्याचा संपला.

हे यंत्र काय करतं ते मी पुष्कळ दिवस निरखलं आहे. फ्रिजच्या पाठीमागे एक विजेवर उघडमीट करणारा व्हॉल्व्ह असतो. तो मोजून काही सेकंद उघडतो, तेवढ्यात एका बारीक नळीतून फ्रीजरमधल्या ट्रेमध्ये पाणी पडतं. फ्रीजर उणे अठरावर. ट्रेच्या पोटाला तापमान ओळखणारी एक गुंडी असते. बर्फ पक्का झाल्याचं तिला कळलं की मोटार ट्रे उलटा करते आणि दोन टोकांनी पिळते. खडे खालच्या डब्यात पडतात. पिळण्याआधी एक दांडी डब्यात डोकावून जागा आहे का बघते. डबा भरलेला असला तर यंत्र गप्प बसतं. आपल्याकडे इतक्या विचाराने वागणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. या सगळ्याचा आवाज मात्र होतो. रात्री सगळं निजलं की स्वयंपाकघरातून आधी कण्हल्यासारखा, मग पाणी सुटल्याचा आणि तास-दीड तासाने खडखडाटाचा. पहिल्या रात्री आई काठी घेऊन उठली होती.

यंदा होळी झाली आणि बर्फ बारीक व्हायला लागला. आधी खडे वरून खोलगट झाले, मग पापुद्रे झाले, आणि एक दिवस रात्रीचा खडखडाटच थांबला. आईला झोप येईना. "आज ते पडलं नाही," म्हणून ती दीड वाजता मला उठवून गेली.

आणि मग घरात जे सुरू झालं त्याला तोड नाही. ज्या डब्याकडे वर्षभर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तो रिकामा आहे म्हटल्यावर आम्हाला बर्फावाचून करमेना. ही म्हणाली, पन्हं करायचं होतं. मी म्हणालो, पाय मुरगळला तर काय लावायचं? पाय कुणाचाच मुरगळलेला नव्हता, पण हिला ते पटलं.

कंपनीच्या मदत क्रमांकावर एक मुलगी भेटली. तिने अतिशय अदबीने विचारलं की फ्रिजचा प्लग लावलेला आहे का. त्यानंतर दारावरचं 'आइस ऑफ'चं बटण चुकून दाबलं गेलंय का. बटणाचा दिवा विझलेला होता, म्हणजे कारखाना चालू होता. मग दांडी वर अडकली आहे का, हा प्रश्न आला. या प्रश्नात दम होता, कारण बर्फाच्या डब्यात मटारची पिशवी होती. जानेवारीत मटार स्वस्त होते तेव्हा हिने सोलून ठेवलेले. दांडी खाली येऊन मटारावर टेकत होती आणि बर्फ भरपूर आहे असं समजून परत जात होती. पिशवी काढली. दांडी पार तळापर्यंत गेली. बर्फ आला नाही. मटारची उसळ झाली.

पुढचा संशय आईवर. वीजबिल वाढलं म्हणून तिने फ्रीजर उणे अठरावरून उणे चौदावर आणून ठेवला होता. बर्फ करणाऱ्या गुंडीला हे मानवत नाही. ट्रे पुरेसा गार झाला असं तिला वाटेपर्यंत दिवस मावळतो. तापमान परत अठरावर नेलं. आईने त्या दिवशी हॉलमधला एक दिवा काढून हिशेब जुळवला.

मग फिल्टर. पाण्याचा फिल्टर सहा महिन्यांनी बदलावा असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि ते लिहिणाऱ्याने उन्हाळ्यातला टँकर पाहिलेला नसतो. खडकवासल्याचं पाणी येतं तोवर ठीक. टँकर सुरू झाले की बादलीच्या तळाशी जो गाळ बसतो, तोच फिल्टरमध्ये बसत असणार हे उघड आहे. जुना फिल्टर काढला तेव्हा त्याचा रंग पाहून हिने वर्षभरातल्या सगळ्या पोटदुखींचा उलगडा केला. नवा बसवला. दोन दिवस वाट पाहिली. ट्रे कोरडा.

या टप्प्यावर बातमी सोसायटीत पसरली. समोरच्या काकूंनी नळीच्या तोंडावर केस वाळवायचं यंत्र धरायला सांगितलं. उपाय अगदी बरोबर निघाला. पाणी जिथून ट्रेमध्ये पडतं त्या तोंडाशीच बर्फाची गुळी बसलेली होती. फ्रिज बंद करून ती ऊब देऊन वितळवली, आणि त्या रात्री खडखडाट झाला! आई समाधानाने कूस बदलून झोपली. तिसऱ्या दिवशी गुळी पुन्हा हजर. केस वाळवायचं यंत्र मग काही काळ स्वयंपाकघरातच राहिलं.

शेवटी तंत्रज्ञ आला. पोरगेलासा होता, पण कामाचा. आल्याबरोबर त्याने विचारलं, "काका, दारातून पाणी नीट येतं का?"

घरात शांतता. दारातून पाणी घेतं कोण? माठ आहे ना. त्याने ग्लास टेकवला. पाण्याची धार म्हणावी असं काही आलं नाही. देवाच्या डोक्यावरच्या अभिषेकपात्रातून येतं तेवढं आलं. त्याने ट्रेखालचं बटण दाबून धरलं. ट्रे निमूटपणे उलटा झाला, पिळला गेला, सरळ झाला. मग त्याने फ्रिज पुढे ओढला, मागची नळी सोडवून बादलीत धरली आणि आमच्याकडे बघत राहिला.

"मशीन ओके आहे. पाणीच मारत नाहीये. याला कमीत कमी वीस पीएसआय लागतं."

आई खुर्चीतून म्हणाली, "एका फ्रिजला वीस फौजदार?"

त्याने मग जे समजावलं ते मला फार आवडलं. व्हॉल्व्ह उघडतो तो वेळ मोजून, पाणी मोजून नव्हे. दाब कमी झाला की तेवढ्याच वेळात पाणी कमी पडतं, म्हणून आधी खडे बारीक झाले. दुसरं म्हणजे हा व्हॉल्व्ह घट्ट मिटायलाही पाण्याचाच दाब लागतो. दाब नसला की तो मिटतो म्हणायला मिटतो, पण थेंब थेंब गळत राहतो. तो थेंब उणे अठरात उतरतो आणि नळीच्या तोंडाशी गोठून बसतो. काकूंनी वितळवलेली गुळी ती हीच. व्हिजिट चार्ज घेऊन तो गेला, आणि जाताना ओट्याखाली एक छोटा बूस्टर पंप बसवा म्हणाला. हिने लगेच मांडणी केली: बर्फासाठी पंप, पंपासाठी प्लग, प्लगसाठी टाइल फोडायची, आणि टाइल त्या रंगाची आता मिळत नाही.

दाब गेला कुठे, हे सांगितलं भांड्यांना येणाऱ्या मावशींनी. त्या इमारतीत वरपासून खालपर्यंत पाच घरी जातात, त्यामुळे पाण्याचा असा पाहणी अहवाल महापालिकेकडेसुद्धा नसेल. "तुमच्याकडं आन् सहाव्यावर पानी रडतंय. दुसऱ्यावर जावा, भांडं हातात ठरत न्हाई. वरचा पंप बंद केलाय न्हवं?"

आम्ही सातव्या मजल्यावर राहतो आणि इमारत सातच मजल्यांची आहे. घर घेताना मोकळी हवा आणि टेकडी दिसते म्हणून लोकांनी कौतुक केलं होतं. गच्चीवरच्या टाकीखाली वरच्या दोन मजल्यांसाठी एक प्रेशर पंप होता. लिफ्टमध्ये, हरवलेल्या चावीच्या आणि गव्हाच्या पोत्यांच्या जाहिरातीमध्ये, खरोखरच एक कागद चिकटवलेला होता: वाढते वीजबिल लक्षात घेता सदर पंप पुढील सूचना मिळेपर्यंत बंद ठेवण्यात येत आहे, सभासदांचे सहकार्य अपेक्षित आहे. तारीख होळीच्या आठवड्यातली. सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात.

सहाव्या मजल्यावरचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना हे कळलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर धरण भरल्याचं तेज आलं. लग्नपत्रिकेच्या पाकिटावर त्यांनी गणित मांडलं. "दहा मीटर पाण्याला एक किलो प्रेशर, हे धरून चाला. वीस पीएसआय म्हणजे एक पूर्णांक चार किलो. म्हणजे हेड किती हवं? चौदा मीटर! टाकी तुमच्या फ्रिजच्या वर चौदा मीटर पाहिजे. आहे किती? जेमतेम चार. तुमच्याकडे सहा पीएसआयसुद्धा नाही हो!" हे सांगताना त्यांना इतका आनंद झाला होता की आपलाही नळ रडतोय हे ते विसरले.

मी विचारलं, "मग हा दाब मिळतो कुणाला?"

त्यांनी पाकिटावर इमारत काढली आणि मजले मोजत खाली उतरले. पाचव्याला दहा मीटर, चौथ्याला तेरा, तिसऱ्याला सोळा. तिसऱ्या मजल्यापासून खाली बर्फच बर्फ होऊ शकतो. तिथे मात्र कुणाकडेही असला फ्रिज नाही. पुनर्विकास झाला आणि वर चार मजले चढले तर आपला प्रश्न कायमचा सुटेल, असं काका म्हणाले. पण नव्या इमारतीत वरचाच मजला मागायचा हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं.

आईचं म्हणणं वेगळं होतं. बर्फ बंद झाल्यापासून घरात कुणाला सर्दी झाली नाही, याकडे तिने लक्ष वेधलं. या मताला मुंबईच्या इतिहासाचा पाठिंबा आहे. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली तलावांतून कापलेला नैसर्गिक बर्फ 'टस्कनी' नावाच्या जहाजातून कलकत्त्याला पाठवला. १८० टन निघाला, चार महिने समुद्रावर वितळत राहिला, आणि तरीही सुमारे १०० टन पोहोचला. पुढच्याच वर्षी अमेरिकन बर्फ मुंबईत उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी घरच्या मेजवानीत आइस्क्रीम दिलं, आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी आठवण मुंबईच्या जुन्या गोष्टींत आजही सांगतात. मला यात सर्दीपेक्षा दुसरंच जाणवतं. अर्धी पृथ्वी ओलांडून, विषुववृत्त दोनदा पार करून, भुशात गुंडाळलेला बर्फ कलकत्त्याच्या धक्क्याला लागला. आमचा बर्फ गच्चीवरून खाली चार मीटर यायला तयार नाही.

मी सेक्रेटरींना भेटलो. ते सज्जन आहेत. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "बर्फासाठी पंप म्हणता? हे मिनिट्समध्ये कसं लिहायचं?" पंपाचं बिल सगळ्यांच्या देखभाल शुल्कातून जातं आणि खालच्या पाच मजल्यांना त्याचा उपयोग नाही, हा त्यांचा मुद्दा. मी म्हणालो, लिफ्टचा उपयोग तळमजल्याला नाही, तरी तेही भरतात. त्यावर ते बराच वेळ विचार करत राहिले. लिफ्टचा विषय काढायला नको होता असं मला तेव्हाच वाटलं. तळमजल्यावरच्या सभासदांचा त्याबद्दलचा अर्ज आता आला आहे म्हणे.

तूर्त आमच्याकडे प्लॅस्टिकचे दोन साधे ट्रे आहेत. नळाखाली भरायचे, न सांडता फ्रीजरपर्यंत न्यायचे, आणि खडे निघाले नाहीत तर ओट्यावर आपटायचे. बर्फ झकास होतो. पन्हं अजून केलेलं नाही.

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर पंप सातव्या क्रमांकावर आला आहे. रंगकाम आणि पार्किंगच्या नंतर. सहाव्या आणि सातव्या मजल्यावरच्या सर्व सभासदांना माझी हात जोडून विनंती आहे की त्यांनी वेळेवर यावं आणि शेवटपर्यंत बसावं. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते तेव्हा खालचे लोक घरी जाऊन परत येतात. आपले लोक एकदा वर गेले की येत नाहीत.