कार्डरेट काका

रायपूरच्या मराठी माणसाचं परदेश फार दिवस नागपूर होतं. लग्नाचा बस्ता नागपूरहून, मुलीला स्थळ नागपूरचं, डोळ्यांचा डॉक्टर नागपूरचा. १७५८ साली बिंबाजी भोसले छत्तीसगडचा कारभार बघायला रतनपूरला आले, तेव्हापासून कुणी भोसल्यांच्या चाकरीत, कुणी पुढे इंग्रजांच्या कचेरीत, कुणी रेल्वेत आणि सगळ्यांत शेवटी कुणी भिलाईच्या कारखान्यात, अशी घरं इकडे येत राहिली आणि तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनीत रुळली. मग मुलं पुण्या-बंगळुरूला गेली, तिथून न्यू जर्सी आणि म्युनिकला पोचली. वरचे मजले रिकामे झाले आणि खालच्या मजल्यावर एक नवीन गृहस्थ तयार झाले. आमच्याकडे त्यांना कार्डरेट काका म्हणतात.

असे काका एकच नाहीत. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात, १९३५ सालापासून चालत आलेल्या त्या संस्थेत, कुठल्याही कार्यक्रमाला मागच्या रांगेत तीन-चार तरी सापडतात. स्टेजवर नाट्यगीत चालू असतं आणि मागून हलक्या आवाजात ‘टीटी सेलिंग’ ऐकू येतं. मी लिहितोय ते माझ्या शेजारच्यांबद्दल. बाकीच्यांनी वाटल्यास आपलं नाव घालून वाचावं.

काका भिलाई स्टील प्लांटच्या अकाउंट्समधून निवृत्त झालेले. सकाळी नऊला चलनाचा बाजार उघडतो. त्याआधी काकांची अंघोळ, पूजा आणि पोहे-जलेबी उरकलेली असते. दहाच्या पुढे बँकेच्या शाखेतल्या ओळखीच्या मुलीला फोन. ‘आजचा कार्ड रेट आला का गं, बेटा?’ बँक रोज एक तक्ता काढते. त्यात एकाच डॉलरचे अर्धा डझन भाव असतात: तारेने आलेला डॉलर विकत घ्यायचा वेगळा, तारेने पाठवायचा वेगळा, हुंडीचा वेगळा, नोटांचा खरेदीचा वेगळा आणि विक्रीचा त्याहून वेगळा. आपल्यासारख्याला वाटतं, डॉलरला एक भाव असतो. हे ऐकून काका इतक्या मायेने हसतात की आपल्याला आपल्या आईवडिलांची कीव यावी. ‘गूगलवर दिसतो ना तुम्हाला भाव, तो नुसता बघायचा असतो. त्या भावात आजवर कुणी कुणाला डॉलर दिलेला नाही. भाव विचारताना आधी सांगावं लागतं, आपण काउंटरच्या कुठल्या बाजूला उभे आहोत.’

काकांना कुणी कंजूष समजू नये. संध्याकाळी बुढा तलावावर फिरायला गेले की सगळ्यांच्या गुपचुपचे, म्हणजे पाणीपुरीचे, पैसे तेच देतात. महागाईबद्दल त्यांची तक्रार नसते. मुलाकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा कॉफीचे रुपये करून बघणाऱ्यांतले ते नव्हेत. तिथली कॉफी तिथल्या भावाने प्यायची, एवढं त्यांना कळतं. त्यांना सलते ती मधली कपात. ‘वस्तूला पैसे मोजले, समजलं. पण पैशाला पैसे?’ असं म्हणून ते चष्मा काढतात. चष्मा निघाला की पुढची वीस मिनिटं हिशेबाची.

हिशेब असा. आपलं डेबिट कार्ड परदेशातल्या एटीएममध्ये घातलं आणि दहा हजार रुपयांचं तिथलं चलन काढलं. आपली बँक मार्कअप लावणार, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के. झाले तीनशे पन्नास. त्यावर अठरा टक्के जीएसटी, त्रेसष्ट. शिवाय दर वेळी पैसे काढायची फी सव्वाशेच्या आसपास, तिच्यावर पुन्हा जीएसटी. इथवर साडेपाचशेच्या वर गेले आणि अजून तिथल्या मशीनने आपला हात पुढे केलेलाच नाही. थायलंडमध्ये बाहेरच्या कार्डाला मशीन दर वेळी दोनशे वीस बाट कापायचं. त्याचे आणखी पाच-सहाशे. ‘म्हणजे दहा हजार काढायला अकराशे! आमचे पूर्वज बिंबाजीबरोबर आले ना, तेव्हा सराफ नागपुरी रुपयावर बट्टा कापायचे. पण ते निदान नाणं हातात घेऊन, वाजवून बघायचे हो! हे मशीन काहीच करत नाही.’ पूर्वज बिंबाजीबरोबर आल्याचा पुरावा काकांकडे नाही. पण ज्या घराण्यात असा वारस निघतो त्यात एखादा पोतनीस होऊन गेला असणार, हे आम्ही मान्य केलंय.

या ज्ञानाला व्यवहारात उतरवण्याची संधी काकांना बँकॉकला मिळाली. ज्येष्ठ नागरिकांची सहल होती. काकांनी निघण्यापूर्वी सहप्रवाशांना मंडळाच्या हॉलमध्ये मार्गदर्शन केलं. मुद्दे तीन. फी दर वेळी ठरावीक आहे, तेव्हा पैसे एकदाच आणि मोठे काढा. मशीन जर विचारेल की तुमच्या खात्यातून रुपयांत कापू का, तर ‘नाही’ म्हणा. रुपयांचा आकडा ओळखीचा दिसतो म्हणून माणूस भुलतो आणि मशीनवाला आपल्या मर्जीचा भाव लावून मोकळा होतो. तिसरं म्हणजे परदेशात रोमिंग घेऊ नका, हॉटेलात वायफाय असतं.

पहिल्याच संध्याकाळी काका एटीएमसमोर उभे राहिले. मागे आमची रायपूरची सोळा माणसं, त्यांच्या मागे दोन ऑस्ट्रेलियन तरुण. काकांनी कार्ड घातलं. दोनशे वीस बाटची सूचना आली. काकांनी मागे वळून सर्वांना ती वाचून दाखवली. मग वीस हजार बाटचा आकडा टाकला. मग पडद्यावर तो प्रश्न आला. एका मोठ्या हिरव्या चौकोनात रुपयांचा आकडा, त्याखाली ‘मान्य’, आणि कोपऱ्यात, चष्मा लावूनही शोधावं लागेल अशा अक्षरात, ‘रूपांतर नको’. ‘बघा, बघा,’ काका म्हणाले, ‘नकोचं बटण कसं लपवलंय!’ आणि त्यांनी ते असं दाबलं की ऑस्ट्रेलियन मुलांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मशीनने थोडा वेळ घरघर केली आणि कार्ड बाहेर टाकलं. व्यवहार नामंजूर.

कारण साधं होतं. २०२० सालापासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डं फक्त देशात चालू असतात. परदेशात वापरायचं तर खातेदाराने स्वतः मुभा चालू करावी लागते. काकांनी ती चालूही केली होती. पण निघायच्या आदल्या रात्री, विमानतळावर कुणी कार्ड मारलं तर काय घ्या म्हणून, स्वतःच्या हाताने बंद करून ठेवली होती. आता पुन्हा चालू करायची तर बँकेच्या ॲपला ओटीपी हवा. ओटीपी येणार भारतातल्या सिमवर. सिमला रोमिंग नाही. मुद्दा क्रमांक तीन. ज्यांनी ज्यांनी काकांचं ऐकलं होतं, त्या सोळांपैकी एकाच्याही फोनवर तेव्हा काही येऊ शकत नव्हतं.

‘किती पाहिजेत?’ काकूंनी विचारलं. काकूंनी पदराआडची कापडी पिशवी काढली, तिच्यातून हळदीकुंकवाची पुडी, तिच्याखालून घडी घातलेली शंभर डॉलरची नोट. मुलगा मागे आला होता तेव्हा पाया पडताना हातात ठेवून गेलेली. गल्लीच्या तोंडाशी चलन बदलणाऱ्याचं बूथ होतं. काकूंनी नोट सरकवली, त्याने बाट मोजून दिले. ना मार्कअप, ना फी, ना जीएसटी. काकांनी तिथेच मनातल्या मनात भागाकार केला आणि त्यांचा चेहरा पडला, कारण तो भाव आदल्या आठवड्यात त्यांनी तपासलेल्या सगळ्या कार्डांपेक्षा चांगला निघाला. दोन तास ते काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, ‘कायद्याने निवासी भारतीयाला दोन हजार डॉलरपर्यंत नोटा घरात ठेवता येतात. मी हिला सांगितलंच होतं.’ काकूंनी भात वाढला.

सहलीहून उरलेले बाट रायपूरला परत विकायला नेले तर खरेदीचा भाव लागणार, म्हणजे पुन्हा कपात. काकांनी ते विकले नाहीत. त्यांनी मंडळातल्या सगळ्यांचे उरलेले बाट एका जुन्या श्रीखंडाच्या डब्यात गोळा केले आणि पुढे जो थायलंडला जाईल त्याला मधल्या दराने द्यायचे, असा ठराव केला. नातवंडांना भेटायला मुंबई-पुण्याला जाणारे लोक पुष्कळ आहेत. थायलंडला अजून कुणी निघालेलं नाही.

परदेशातून घरी येणाऱ्यांची त्याहून पंचाईत. डिसेंबरात पुतण्या ह्यूस्टनहून आला, जयस्तंभ चौकातल्या एटीएमवर काका त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे. एका वेळी दहाच हजार निघतात, दर वेळी तिकडची बँक फी लावणार, वर तीन टक्के. ‘तू काढूच नको,’ काका म्हणाले. ‘मी देतो तुला इथे रुपये, मधल्या दराने. तू तिकडे दादाच्या खात्यात डॉलर टाकून दे. दोघांचाही फायदा.’ योजना इतकी निर्दोष होती की काकांनी ती मंडळात सगळ्यांसाठी खुली करायचं ठरवलं. मंडळातल्या सीएने चहाचा कप खाली ठेवला. ‘काका, तो तिकडे डॉलर देणार, तुम्ही इकडे रुपये देणार, मधे बँक नाही. याला काय म्हणतात ते माझ्या तोंडून वदवू नका. फेमा आहे, परकीय चलनाचा कायदा, अन्‌ तुमचं वय झालंय.’

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय काका पुरते कळायचे नाहीत. आमच्या कोपऱ्यावरचा चहावाला रोज विचारतो, ‘आज डालर कतका हे, कका?’ काका चौथ्या दशांशापर्यंत सांगतात. २०२५च्या डिसेंबरात डॉलर नव्वदीच्या पार गेला त्या दिवशी त्याने पुढचा प्रश्न विचारला: ‘त ये बने बात आय के खराब?’ काका थांबले. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते तारखेनुसार बदलत आलेलं. २०१३ साली मुलगा एमएसला निघाला तेव्हा काकांना रुपया भक्कम हवा होता. मेच्या सुरुवातीला डॉलर चौपन्नच्या आसपास होता. काका म्हणाले, थांबू, खाली येईल. जूनमध्ये म्हणाले, थोडं थांबू. ऑगस्टमध्ये फीची शेवटची तारीख आली आणि २८ ऑगस्टला रुपयाने अडुसष्टच्या वर जाऊन तळ गाठला. त्याच आठवड्यात फी गेली. ४ सप्टेंबरला रघुराम राजन गव्हर्नर झाले, रुपया सावरला, ऑक्टोबरात एकसष्टवर आला. राजनांबद्दल काकांना आदर आहे, पण त्या माणसाने आठ दिवस आधी यायला हवं होतं, हे मत कायम. त्या काळात काका रुपयाच्या घसरणीवर मंडळात भाषणं करत. १९६६च्या जूनचं अवमूल्यन, चार रुपये शहात्तर पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा, १९९१चा जुलै, सगळं तोंडपाठ. आवाज भरून यायचा. ‘देशाची पत जाते हो!’

मग मुलाला नोकरी लागली. त्याने नवा रायपूरला फ्लॅट घेतला आणि हप्त्यासाठी दर महिन्याच्या पाच तारखेला डॉलर पाठवायला लागला. तेव्हापासून काकांच्या देशभक्तीने कूस बदलली. रुपया घसरला की ते अजूनही हळहळतात, पण श्रीमंत आत्याच्या दहाव्याला आलेल्या भाच्यासारखे: चेहरा जागेवर, लक्ष कागदपत्रांकडे. आता ते सांगतात की निर्यातीला बळ मिळतं, आयटीवाल्यांना बरं असतं, चीननेही असंच केलं. १९६६चं नाव निघत नाही. आणि काका एकटेच असे आहेत असं कुणी समजू नये. ज्याचा मुलगा शिकायला जातोय तो रिझर्व्ह बँकेला शिव्या घालतो. ज्याचा कमावतोय तो जागतिक परिस्थिती समजावून सांगतो. मंडळात दोघं एकाच बाकावर बसतात, आणि दोन वर्षांनी मुलाला नोकरी लागली की पहिला न सांगता दुसऱ्याच्या मताला येतो.

सध्या मात्र काकांची कोंडी झालीय. मुलगी म्युनिकला बाळंत व्हायची आहे, मेमध्ये दोघांनाही जायचंय, तीन महिने राहायचंय. म्हणजे युरो विकत घ्यायचे. युरो स्वस्त हवा. पण पाच तारखेला न्यू जर्सीहून डॉलर येणार, तो महाग हवा. रुपया एकाच वेळी एकाला वाकून आणि दुसऱ्यासमोर ताठ कसा उभा राहणार, यावर काका दोन रात्री जागले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात आले तेव्हा चष्मा हातात होता.

‘सुटलं,’ ते म्हणाले. ‘रुपयाचा काही संबंधच नाही यात. युरो डॉलरपुढे पडला पाहिजे, बस. युरोपच्या बँकेनं व्याज उतरवलं की झालं. फ्रँकफुर्टला बैठक आहे त्यांची, गुरुवारी.’

काकू तुळशीला पाणी घालत होत्या. ‘गुरुवारी माझा उपवास आहेच,’ त्या म्हणाल्या. ‘किती टक्के उतरवायचं, तेवढं कागदावर लिहून द्या. मला लक्षात राहायचं नाही.’