अटलांटामार्गे भामरागड

भामरागड-एटापल्लीत हिवताप मुक्कामालाच असतो. त्याच्या फाल्सिपेरम या परजीवीला आवतण लागत नाही. पण गडचिरोली-चंद्रपुरातल्या भावी डॉक्टरला त्याचं पहिलं दर्शन घडवायचं, तर सोपी वाट अमेरिकेतून जाते. अटलांटाच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा परजीवींचा चित्रसंग्रह एका क्लिकवर उघडतो, अर्थात रेंज असेल तर. चित्रं मात्र देखणी: रंग नेमका, परजीवी मधोमध, शेजारी नाव. इतका आज्ञाधारक परजीवी खऱ्या काचपट्टीवर सापडत नाही. तिथे रंगाचे डाग असतात, लाल पेशीवर बसलेली प्लेटलेटही परजीवीचं सोंग आणते आणि तेल लावून शंभर क्षेत्रं पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहिता येत नाही. म्हणूनच २०१९च्या वैद्यकीय अभ्यासक्रमातही ग्रॅम आणि झील-नील्सन रंजन स्वतःच्या हाताने करून दाखवावं लागतं.

म्हणून पडद्यावरची चित्रं आणि व्हिडिओ निरुपयोगी आहेत असं कोण म्हणेल? २०२०च्या टाळेबंदीत त्यांनीच वर्ष तारलं, आणि प्रतिकारशक्तीची गुंतागुंत फळ्यापेक्षा ॲनिमेशनमध्ये बरी कळते. ती तिथेच शिकावी. काही जण विचारतात, आशाताई रॅपिड किटवर निदान करते, मग डॉक्टरने डोळे कशाला फोडायचे? कारण फाल्सिपेरमची बरीच किट्स उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवतात. औषध लागू पडलं की नाही, हे रक्ताच्या थेंबालाच विचारावं लागतं, आणि त्याला स्किप इंट्रो नसतं. मग इथल्याच काचपट्ट्यांचे फोटो काढून, डागांसकट, अपलोड करायला काय हरकत आहे? अटलांटालाही जरा कळेल.