शाल, श्रीफळ आणि शंभर टक्के

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रात सगळ्यांचेच भले होते. पेढेवाल्याचे होते, फ्लेक्सवाल्याचे होते, ट्रॉफीवाल्याचे होते. महापालिकेची निवडणूक तोंडावर असेल तर भावी नगरसेवकाचे विचारूच नका. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. २११ मुलांना पुरते शंभर टक्के मिळाले, त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागातली. उरलेल्या ५.९० टक्के मुलांनी कुणाचे काय घोडे मारले होते, हे मात्र समजत नाही.

शंभर टक्के मिळवायचे तर सगळी उत्तरे बरोबर यावी लागतात, हा जुन्या पिढीचा गैरसमज. सहा विषयांपैकी सर्वांत चांगले पाच धरायचे, ही सोय २०१० पासून आहे. शिवाय खेळ, चित्रकला, लोककला, शास्त्रीय नृत्य यांचे वाढीव गुण असतातच. एखादे पोर उत्तर चुकूनही शंभराच्या खाली उतरत नसेल तर त्यात त्याचा काय दोष?

मध्यंतरी बोर्डाला एकदा प्रामाणिकपणाचा झटका आला होता. भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातातले गुण काढून टाकले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्क्यांवर असलेला निकाल २०१९ साली ७७.१० वर आपटला. राज्यभर हाहाकार माजला. ‘सीबीएसईची पोरं अकरावीच्या चांगल्या जागा पळवणार!’ गुण मुकाट्याने परत आले आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के लागला. त्यात भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे झालाच नव्हता. पण न दिलेल्या पेपराचेही सरासरीने गुण मिळाले. वर्षभरात अख्ख्या राज्याची बुद्धी अठरा टक्क्यांनी वाढली! पुढे २०२१ ला परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्क्यांवर गेला. निकाल चांगला लागण्यात खरा अडथळा परीक्षेचाच असतो, हे त्या साली कायमचे सिद्ध झाले.

पूर्वी बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो पेपरात छापून यायचे. मुलांवर ताण येतो म्हणून गुणवत्ता यादी बंद झाली. तिच्या जागी फ्लेक्स आला. यादीला मर्यादा होती, फ्लेक्सला फक्त विजेचा खांब आडवा येतो.

गुणगौरव समारंभाचे शास्त्रही असेच उदार होत गेले. आधी अट होती नव्वद टक्क्यांची. मग ती पंचाहत्तरवर आली. मग एक काकू कार्यालयात येऊन ठणकावून गेल्या, ‘साहेब, माझ्या मुलीला चौसष्ट टक्के पडले म्हणून ती काय वॉर्डातली नाही का?’ साहेबांनी मतदारयादी डोळ्यांसमोर आणली. त्या घरात पाच मते. त्याच संध्याकाळी ‘सर्व उत्तीर्ण विद्यार्थ्यांचा सत्कार’ जाहीर झाला. पुढच्या वर्षी ‘उत्तीर्ण’ हा शब्दही गळाला, कारण नापास मुलाच्या घरातही मते तेवढीच असतात.

समारंभात मुलाचे काम फार थोडे. नाव पुकारले की यायचे, ट्रॉफीला एका बाजूने हात लावायचा, कॅमेऱ्याकडे बघायचे आणि पुढच्याला जागा करून द्यायची. ट्रॉफीवर साहेबांचा फोटो असतो, मुलाचे नाव नसते. नावे टाकत बसले तर उरलेल्या ट्रॉफ्या पुढच्या वर्षी कशा वाटणार? शेवटी प्रमुख पाहुणे ‘गुण म्हणजे सर्वस्व नव्हे’ या विषयावर तासभर बोलतात. हे त्यांना पटलेले असते, कारण त्यांची स्वतःची गुणपत्रिका आजवर कुणी पाहिलेली नाही.

मोठ्यांनी तरी मागे का राहावे? नोंदणी शुल्क भरले की समाजभूषण होता येते. थोडे जास्त भरले तर चाळिशीतच जीवनगौरव मिळतो. नावामागे ‘डॉ.’ लावून देणारी विद्यापीठेही आहेत. बनावट विद्यापीठांची यादी यूजीसीला अधूनमधून जाहीर करावी लागते, इतका त्यांचा लौकिक.

या सगळ्यात एक मुलगा मात्र कुणाच्या नजरेस पडत नाही. नववीत गणितात काठावर सुटलेला, वर्षभर घासून दहावीत अठ्ठावन्नवर पोचलेला. त्याने खरोखर काही मिळवले आहे. पण त्याच्या हातातली ट्रॉफी आणि शेजारच्याची ट्रॉफी एकाच खोक्यातून निघालेली असते. त्याची वर्षभराची मेहनत जिने पाहिली, ती फक्त त्याची आई.

यामागचे अर्थशास्त्र सोपे आहे. ट्रॉफी डझनाच्या भावात मिळते. चांगला शिक्षक मिळत नाही. माध्यमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाने पहिली तीन वर्षे महिना १८ हजार मानधनावर काढायची, आणि हा आकडाही २०२३ साली वाढवल्यावरचा. ‘बाळा, तुला अपूर्णांक येत नाहीत, थांब, पुन्हा शिकवतो’ असे म्हणायला माणूस लागतो, वेळ लागतो, पगार लागतो. ‘शाब्बास!’ म्हणायला नुसता माईक पुरतो.

म्हणून सरकारला नम्र सूचना: जन्मदाखल्यासोबतच प्रत्येक बाळाला एक ट्रॉफी आणि शंभर टक्क्यांची गुणपत्रिका देऊन टाकावी. परीक्षेचा खर्च वाचेल, पालकांचा रक्तदाब उतरेल, आणि गणिताच्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा म्हणून कुणी मोर्चाही काढणार नाही.