कड जाड, काम फत्ते

वर्तुळाची कड बारीक असेल तर काम सुरू होतं. कड दुहेरी असेल तर मधेच काहीतरी घडतं. कड जाड असेल तर काम संपतं. हे ज्याला कळलं तो पास. घाईघाईत बारीक कडेनं काम संपवलं तो नापास, मग त्यानं बँकांची सॉफ्टवेअरं पंधरा वर्षं का सांभाळलेली असेनात.

आमचे भाचेबुवा हिंजवडीतले. वय ३८, डोक्यावर गृहकर्ज, हाताखाली दहा-बारा पोरं. मध्यंतरी रात्री जेवणं उरकली की कडा पाठ करत बसायचे. बिझनेस प्रोसेस मॉडेलिंगचं सर्टिफिकेशन करायचं होतं. कामकाजाचा नकाशा काढायची चित्रलिपी आहे, बीपीएमएन नावाची. तिची २.० ही आवृत्ती २०११ची आणि नियमांचा ग्रंथ ५०० पानांच्या वर. चौकोन म्हणजे काम, शंकरपाळं म्हणजे फाटा. तेवढं कुणीही काढेल. खरी विद्वत्ता वर्तुळात. आत घड्याळ असलं की वेळ, पाकीट असलं की निरोप. पाकीट काळं असेल तर निरोप धाडला, पांढरं असेल तर मिळाला. या वर्तुळांच्या जाती-पोटजाती साठाच्या पुढं जातात. आपल्याकडं जाती पाठ करायला माणसं कधी कंटाळलेली नाहीत, त्यामुळं तेही होऊन गेलं.

"मामा, हे बघा. चौकोनाच्या काठावर वर्तुळ बसलंय. कड अखंड आहे. म्हणजे काय?"

"म्हणजे पेन चांगलं आहे."

"म्हणजे ही घटना घडली की हातातलं काम तिथंच बंद. कड तुटक असती तर काम चालू राहिलं असतं आणि बाजूनं दुसरी वाट फुटली असती."

या अखंड कडेचा अर्थ मला परीक्षेच्या दिवशी नीट कळला. परीक्षा घरबसल्या. कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवायचा, नजर पडद्यावरून हलवायची नाही, खोलीत दुसरं माणूस दिसलं की परीक्षा रद्द. आणि आमची ताई, म्हणजे भाच्याची आई, मुलगा अभ्यासाला बसला की दार न वाजवता चहा घेऊन आत जाते. पहिलीपासूनचा रिवाज. थोडक्यात, ताई ही अखंड कडेची घटना. तिला तुटक करण्याची जबाबदारी माझ्यावर आली. म्हटलं, ताई, कप उंबऱ्याबाहेर ठेव, हाक मारू नकोस, आत डोकावू नकोस. ती म्हणाली, "परीक्षा आहे का सोवळं?"

पण माझा जीव अडकलाय तो जाड कडेत. सरावासाठी भाच्यानं आमच्या सोसायटीच्या गळतीचा नकाशा काढला होता. सुरुवातीला बारीक वर्तुळ: वरच्या मजल्यावरचं छत गळतंय, पाकीट आलं. मग सेक्रेटरींची लेन, म्हणजे त्यांच्या कामांचा पट्टा, तशीच खजिनदारांची लेन. प्लंबरला लेन नाही. तो बाहेरचा माणूस, त्याचा पूल, म्हणजे अख्खी चौकटच, वेगळी. आपल्या कामाचा सलग बाण त्याच्या पूलमध्ये नेता येत नाही, नियमच आहे. फक्त तुटक रेघेनं निरोप धाडायचा. त्याच्या आत काय चालतं हे ठाऊक नसेल तर नुसता रिकामा आयत काढायचा. प्लंबर म्हणजे रिकामा आयत! त्या ग्रंथात याहून खरं काही असेल असं मला वाटत नाही. पुढं शंकरपाळं: एकतर प्लंबरचं उत्तर येईल, नाहीतर घड्याळ वाजेल, जे आधी होईल ती वाट. आमच्याकडं दरवर्षी घड्याळ वाजतं, म्हणजे दिवाळी येते. पाऊस गेलेला असतो, छत वाळलेलं असतं, त्यावर रंगाचा हात मारतात आणि भाचा तिथं जाड कडेचं वर्तुळ काढतो. काम फत्ते. म्हटलं, अरे, जूनमध्ये तेच छत, तीच बादली! "मामा, ती नवीन इन्स्टन्स. नकाशा तोच, फेरी वेगळी." म्हणजे गळती थांबली नाही तरी गळतीचं काम संपतं, दरवर्षी संपतं, नियमानुसार संपतं. आमचे सेक्रेटरी कुठलीही परीक्षा न देता वर्षानुवर्षं हेच सांगताहेत की हे लीकेज वेगळं, ते लीकेज वेगळं. आम्ही उगाच त्यांच्याशी भांडत होतो. त्या माणसाला न शिकता जाड कड काढता येते.

कंपनीला हे ज्ञान कशाला हवंय? ज्ञान नकोच आहे. टेंडरमध्ये अट असते की इतकी माणसं प्रमाणपत्रवाली दाखवा. दाखवायला माणसं हवीत, म्हणून हे जागरण. ज्यांना जागरण झेपत नाही ते डम्प, म्हणजे फुटलेले प्रश्न उत्तरांसकट, विकत घेतात आणि अमुक प्रश्नाला 'ब' आणि 'ड' एवढंच घोकून जातात. दोघांचं प्रमाणपत्र सारखंच. मग ही मंडळी ग्राहकाच्या एसी खोलीत बसून महिनाअखेरीच्या हिशेबाचा नकाशा काढतात. त्याच मजल्यावर अकाउंट्समध्ये एक बाई असतात. त्यांच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड लावलेली वही असते. कुठल्या डेपोचं बिल उशिरा येतं, कुणाला जेवणाच्या सुट्टीआधी फोन करायचा, कुठल्या साहेबांपुढं कागद मंगळवारी ठेवायचा नाही, सगळं त्या वहीत. त्या रजेवर गेल्या की हिशेब लटकतो. त्यांना विचारा ना! खुर्ची ओढा, शेजारी बसा, चहा सांगा, दोन तासांत अख्खं काम समजेल. पण नाही. त्यांच्याकडं प्रमाणपत्र नाही. नकाशात त्या बाई कुठंच नसतात. त्यांच्या जागी 'पडताळणी' असा चौकोन असतो, पुढच्या वर्षी तो चौकोन काढून टाकतात आणि बचत झाल्याची स्लाइड दाखवतात. मग हिशेब जुळेना की निवृत्त झालेल्या त्याच बाईंना घरी फोन! वही आहे का हो तुमच्याकडं? आणि फोन करणाऱ्याला त्यांचं नावसुद्धा धड माहीत नसतं.

भाचा पास झाला. ताईनं पेढे वाटले, कंपनीनं अभिनंदनाची मेल सगळ्यांना धाडली, आणि त्याची नेमणूक झाली ती एक्सेलच्या तक्त्यांतली नावं जुळवण्याच्या कामावर. परीक्षेची फी त्यानं पदरची भरली होती. पास झाल्यावर ती परत मिळते, अर्ज ऑनलाइन असतो. अर्ज मॅनेजरच्या मंजुरीसाठी थांबलाय. मॅनेजर नोकरी सोडून गेलेत, आणि नवे मॅनेजर येईपर्यंत सिस्टिममध्ये त्यांच्या जागी भाच्याचंच नाव दिसतं. त्यानं स्वतःच मंजुरी द्यायला गेलं की पडदा म्हणतो, अर्जदाराला हा अधिकार नाही.