हिरवा, पण मिलिटरी नव्हे

मिलिटरी तुम्हाला ट्रक विकते, त्यावरचा रंग विकत नाही. इंजिन न्या, चासी न्या, ताडपत्रीच्या कमानी न्या, सीटखालचे गंजके पाने न्या. हिरवा मात्र तिथंच ठेवून जा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला नियम १२१: सैन्याची गाडी सोडून दुसऱ्या कुठल्याही गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग द्यायचा नाही. आता ज्या गृहस्थानं लिलावात ईर्ष्येनं बोली चढवली, त्यानं ती कशावर चढवली असेल? त्या हिरव्यावरच. बाकी त्या ट्रकात आहे काय? पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, गिअर टाकायला दोन माणसं आणि एक शिवी लागते.

हे गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत. आदिलाबाद जिल्ह्यात दर मंडलात एकदोन तरी निघतील. थोडं जिनिंग, थोडं प्लॉटिंग, बुलेटवर नातवाचं नाव. घरी सांगितलं, 'कापूस वाहायला घेतला.' बाई म्हणाल्या, 'कापसाला आयशर काय वाईट होती जी?' यावर शेठजींनी गॉगल लावला.

लिलावाची अट असते, 'जसं आहे, जिथं आहे'. 'जसं' म्हणजे बॅटरीविना. 'जिथं' म्हणजे नागपूरच्याही पलीकडे, डेपोच्या मागच्या गवतात. सैन्याचा तो वर बाण असलेला नंबर जातो आणि ट्रक एकदम अनाथ होतो. सैन्याच्या कामातून सुटलेल्या गाडीनं चारचौघांसारखी नोंदणी करायची, असं कायदा सांगतो. माजी सैनिकी गाडीला मूळ विक्री दाखला लागतो, नमुना २१. तो नसेल तर तुमच्याकडे ट्रक नाही, लोखंड आहे. नोंदणीसाठी गाडी दाखवायची, दाखवायला आणायची, आणायला तात्पुरता नंबर काढायचा. हे सगळं एजंट करतो. एजंटाचं कोण करतो ते विचारू नये.

मग निघाली स्वारी. हिंगणघाट, वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी, ४४ नंबरच्या हायवेनं पैनगंगेकडे. अंगावर रंग अजून तोच. आणि इथं त्या रंगाची खरी किंमत कळते. टोलनाक्यावरच्या पोरानं वर न बघता नुसता हिरवा पाहिला आणि दांडा उचलला. सैन्याच्या गाड्यांना टोल नाही, हा कायदा १९०१ सालचा आहे, म्हणजे टोलनाक्यापेक्षाही जुना. शेठजींनी त्या पोराला सलाम ठोकला. पोरानंही ठोकला. शेजारच्या रांगेत पेशंट घेऊन नागपूरहून परतणारी एक जीप फास्टॅग चालत नाही म्हणून दुप्पट पैसे भरत होती. तिचा रंग पांढरा होता. चूक तिचीच.

गावात आल्यावर ट्रकचं दर्शन घ्यायला लोक आले. पोरं चाकाखाली शिरली. मागच्या ॲक्सलचा गोळा पांढरा रंगवलेला आणि त्यावर चिमणीएवढा दिवा. रात्री ताफ्यातल्या मागच्या ड्रायव्हरला पुढचा ट्रक दिसावा, पण वरून विमानाला दिसू नये, म्हणून ही युक्ती. शेठजींनी हे सर्वांना समजावून सांगितलं, जणू काय युद्धात तेच मागच्या ट्रकमध्ये होते. बंपरवर पिवळी गोल पाटी, तिच्यावर काळा आकडा: कुठल्या पुलावरून हा ट्रक न्यायचा त्याचा हिशेब. आमच्या ओढ्यावरच्या पुलाला कठडासुद्धा नाही, आकडा कुठून असणार?

आता रंग. नोंदणीच्या आधी तो बदलणं आलं. पेंटर बोलावला. पेंटरनं शेडचं कार्ड उघडलं आणि आयुष्यात प्रथमच त्याला कोणी प्रत्येक हिरव्यापुढं पाच पाच मिनिटं उभं केलं. पोपटी नको, ट्रॅक्टरसारखा दिसतो. बाटलीचा नको, दारू दुकानाची गाडी वाटेल. गडद झाडपाल्याचा नको, त्याच रंगाचा टेम्पो निवडणुकीत कोणाचा तरी होता. शेवटी बोट एका चौकोनावर थांबलं. पेंटर म्हणाला, 'भाऊ, हा तर तोच हाय.' शेठजी म्हणाले, 'तो ऑलिव्ह. हा मेंदी.' मेंदीत शेठजींनी स्वतः दोन थेंब पिवळा टाकला, कायद्यापुरता. वाळल्यावर ते दोन थेंब कुठं गेले ते कोणालाच दिसेना. तपासणीला साहेबांनी ट्रकला एक फेरी मारली, उन्हात पाहिला, लिंबाच्या सावलीत पाहिला, गॉगल लावून पाहिला, काढून पाहिला. उन्हात मेंदी होता, सावलीत मिलिटरी. मग चहा आला. चहानंतर सावलीतही मेंदी झाला. नंबर मिळाला: टीजी ०१. आमचं राज्य बदललं, अक्षरं एपीची टीएस झाली, २०२४ मध्ये टीजी झाली, पण आदिलाबाद आपला ०१ च. त्या ०१ च्या खाली शेठजींनी तलवारी काढून घेतल्या, दोन, फुलीसारख्या. त्याबद्दल कोणता नियम आहे ते कोणी विचारलं नाही.

आता हसणं पुरे. परवा याच ट्रकच्या मागं आमचा एक कास्तकार कापसाची ट्रॉली घेऊन यार्डात उभा होता. मोबाइलवर स्लॉट घेतलेला, रात्र ट्रॉलीखाली काढलेली. सकाळचं दव पडलं. खरेदी केंद्रावरच्या माणसानं कापसात ओलावा मोजायचं मशीन खुपसलं: साडेबारा. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्यावर टक्क्या-टक्क्यानं कापणी, बारा ओलांडले की घरी जा. अर्धा टक्का! तो म्हणाला, साहेब, दोन तास ऊन लागू द्या, उतरंन. नाही म्हणाले, आकडा हा आकडा असतो. रंग डोळ्यानं बघतात, सावलीत बघतात, गॉगल लावून बघतात, मेंदी की ऑलिव्ह यावर चहाएवढी चर्चा होते, आणि कापसाला मात्र दशांश! काऊन? ते मशीन एकदा त्या ट्रकला का लावत नाहीत? त्यातून आकडा येऊ द्या, किती टक्के हिरवा, किती टक्के शेठ. किंवा तपासणीच्या साहेबांना यार्डात आणा, लिंबाच्या सावलीत कापूस दाखवा, चहा पाजा. तेही म्हणतील, हा तर कोरडाच आहे की. ज्या माणसाला आयुष्यात कधी रांगेत उभं राहावं लागलं नाही, त्याला सैनिकाच्या रंगाची हौस. आणि ज्याच्या घरचा पोरगा खरोखर सीमेवर उभा आहे, तो बाप साडेबारा टक्क्यांवरून परत फिरतो, पडेल भावात व्यापाऱ्याला देतो. तो व्यापारी कोण, हे वेगळं सांगायला नको. कापूस वाहायलाच घेतला म्हणे ट्रक. वाहिला की! पडेल भावानं घेतलेला.

इतर दिवशी ट्रक वराती वाहतो. नवरदेव टपावर, डीजे हौद्यात, फटाके बंपरवर, पुलाचा आकडा अजून जागच्या जागी. नागोबाच्या जत्रेला केस्लापूरला नेला तेव्हा कोणीतरी खरा सुभेदार, सुट्टीवर आलेला, ट्रककडे बघत उभा राहिला. शेठजींनी विचारलं, कसा आहे? तो म्हणाला, 'यात बसून पाठ गेली माझी.' आणि पाणी आणायला गेला.

सध्या कोणीतरी साहेबांकडं अर्ज केलाय, की मेंदी पावसाळ्यात ऑलिव्ह होते. शेठजी निवांत आहेत. त्यांनी नियम वाचून घेतलाय. त्यात फक्त ऑलिव्ह हिरव्याला बंदी आहे. वाळवंटातल्या गाड्यांच्या वाळूच्या रंगाबद्दल एक अक्षर नाही. पेंटरला सोमवारी बोलावलंय.