मुलगा काय करतो?

स्थळात नाव ठेवायला तशी जागा नाही. वडील राजे, आई राणी, राहतं घर स्वतःचं आणि त्याला बुरूज. दारात पांढरा घोडा. मुलगा उंच, गोरा, गळा गोड. पत्रिका बघायचा तर प्रश्नच नाही, कारण पुढचं सगळं छापून आलेलं आहे: दोघं सुखाने नांदतील. हे ऐकून मुलीकडच्या एखाद्या जुन्या खोडाने चष्मा पुसत विचारावं, "ते सगळं ठीक. पण मुलगा काय करतो?" आणि मध्यस्थाने घाईघाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावावा.

कारण परीकथेतला राजपुत्र काहीच करत नाही. तो येतो. तेवढंच.

शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली छापलेली झोपलेल्या राजकन्येची गोष्ट घ्या. शाप शंभर वर्षांचा. शंभर वर्षं भरत आली आणि हा शिकारीच्या निमित्ताने तिकडे फिरकला. काटेरी झाडं आपणहून बाजूला झाली, हा पलंगाशी गुडघे टेकून बसला, तेवढ्यात मुदत संपली आणि ती जागी झाली. चुंबनबिंबन काही नाही, ते जर्मनीत ग्रिम बंधूंनी घातलं. ग्रिमांच्या गोष्टीत तर याच्याआधी आलेले कितीतरी राजपुत्र त्या काट्यांत अडकून मेले. ते याच्याहून शूर असतीलही. त्यांचं चुकलं इतकंच, की ते लवकर आले.

पेरोची गोष्ट लग्नाशी थांबत नाही, आणि खरा मुलगा तिथे कळतो. लग्न केलं, पण घरी सांगायची छाती नाही, कारण मातोश्री जातीच्या राक्षसीण. रात्रभर कुठे होतास, असं वडिलांनी विचारलं तर म्हणाला, वाट चुकलो, एका कोळसेवाल्याच्या झोपडीत झोपलो, त्याने काळा पाव आणि चीज खायला दिलं. असं दोन वर्षं चाललं. तिकडे मुलगी झाली, मुलगा झाला. वडील वारले, स्वतः गादीवर बसला, तेव्हा कुठे बायकोमुलांना घरी आणलं, आणि त्यांना आईच्या हवाली करून हा लढाईवर निघून गेला. आईने मग नातीचा बेत आचाऱ्याला सांगितला. कोणत्या सॉसबरोबर, तेही पेरोने लिहून ठेवलंय. डिस्नेने १९५९ साली यावर चित्रपट काढला, त्यात सासूचं हे प्रकरण साफ उडवलं. लहान मुलं घाबरतील म्हणून उडवलं असेल. मला विचाराल तर नवऱ्यामुलाची अब्रू वाचवली.

बाकीची भावंडंही याच वळणाची. ग्रिमांच्या सिंड्रेलातला राजपुत्र तीन रात्री एकाच मुलीबरोबर नाचतो, दुसऱ्या कोणाला तिचा हात धरू देत नाही, आणि नंतर तिचा चेहरा त्याला आठवत नाही. बूट आठवतो. सावत्र बहिणीने अंगठा कापून पाय बुटात कोंबला, तर हा तिलाच घोड्यावर बसवून निघाला. झाडावरच्या कबुतरांनी सांगितलं, बाबा रे, बुटातून रक्त गळतंय. परत फिरला. मग दुसरीने टाच कापली. पुन्हा घोडा, पुन्हा कबुतरं. रॅपन्झेलचा राजपुत्र रोज तिचे केस धरून मनोरा चढायचा. तिने सांगितलं, येताना रेशमाची एकेक लड आणत जा, मी शिडी विणते. तो इमानदारीत लडी आणत राहिला. एकदम एक दोर आणावा, हे काही सुचलं नाही. हिमगौरीचा राजपुत्र काचेच्या शवपेटीवर भाळला, बुटक्यांकडून ती मागून घेतली, आणि उचलायला नोकर लावले. नोकर ठेचकाळले, धक्क्याने तिच्या घशातला विषारी सफरचंदाचा तुकडा बाहेर पडला आणि ती उठून बसली. लग्न राजपुत्राशी झालं. ठेचकाळलेल्या नोकराचं पुढे काय झालं, हे ग्रिमांनी लिहिलेलं नाही.

हे स्थळ पडद्यावर आणायचं तर पंचाईतच. कागदावर 'देखणा राजपुत्र आला' एवढ्यावर भागतं, पडद्यावर त्याला चालावं लागतं, हात कुठे ठेवायचे ते ठरवावं लागतं. डिस्नेचा हिमगौरीवरचा पूर्ण लांबीचा चित्रपट १९३७ सालचा. त्यात बुटके झकास जमले. ग्रिमांनी त्यांना नावंसुद्धा दिली नव्हती, इथे प्रत्येकाला नाव मिळालं आणि स्वभावही: एक चिडका, एक झोपाळू, एक सतत शिंकणारा. राजपुत्राला नाव नाही ते नाहीच. तो चित्रकारांना काढता येईना. ढेरपोट्या, नाकाड्या म्हातारा हलता काढणं सोपं, पण नाकीडोळी नीटस पुरुष जरा हलला की लाकडी दिसायला लागतो. शेवटी त्याचे प्रसंगच कमी केले. सुरुवातीला विहिरीपाशी एक गाणं, शेवटी एक चुंबन, मधे गैरहजर. राणी त्याला तळघरात कोंडते, असा एक बेत होता, तोही बारगळला आणि पुढे १९५९च्या राजपुत्राच्या वाट्याला गेला. दोष चित्रकारांच्या हाताचा होता असं मला वाटत नाही. खोड नसलेला माणूस काढायचा तरी कुठून धरून?

१९५०च्या 'सिंड्रेला'त तर त्याने बूट घेऊन फिरण्याचं कामही स्वतः केलं नाही, सरदाराला पाठवलं. चेहरा न ओळखण्याची अडचण अशी परस्पर मिटली. १९५९मध्ये तो राक्षसी ड्रॅगनशी लढला खरा, पण त्याला तळघरातून सोडवलं पऱ्यांनी, तलवार दिली पऱ्यांनी, ढाल दिली पऱ्यांनी, आणि शेवटचा वार बरोबर लागावा म्हणून तलवारीवर मंत्रही टाकला पऱ्यांनीच. मुलगा हुशार आहे, फक्त शिकवण्या जरा जास्त लागल्या.

पुढे मुली बदलल्या. निदान मुलींवर चित्रपट काढणारे बदलले. अँडरसनच्या १८३७च्या गोष्टीतली मुकी जलपरी राजपुत्राच्या दाराशी मखमली उशीवर झोपायची, आणि त्याने लग्न भलतीशीच केलं. १९८९च्या चित्रपटात तोच राजपुत्र मोडकं जहाज हाकत समुद्रातल्या चेटकिणीच्या अंगावर घालतो. १९९१च्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'ने तर कमाल केली. रुंद छाती, दाट केस, गावभर चाहत्या, असा जुन्या मापाचा नायक गॅस्टन म्हणून नव्याने घडवला आणि त्याला थेट खलनायक केलं.

पण स्थळाची खरी शोभा केली ती ड्रीमवर्क्सने. 'श्रेक'मध्ये (२००१) राजकन्येशी लग्न केल्याशिवाय राजा होता येत नाही, म्हणून लॉर्ड फारक्वाड जादूच्या आरशाकडून तीन मुली दाखवून घेतो. सिंड्रेला, हिमगौरी, फियोना, प्रत्येकीची थोडक्यात माहिती. हा कांदेपोह्यांशिवायचा कार्यक्रम. निवड झाल्यावर मुलीला ड्रॅगनच्या तावडीतून आणायलाही हा स्वतः जात नाही. 'श्रेक २'मध्ये (२००४) खुद्द प्रिन्स चार्मिंग मनोरा चढतो, शिरस्त्राण काढतो, केस झटकतो, आणि पाहतो तर पलंगावर लांडगा. फियोनाला केव्हाच दुसऱ्याने सोडवलेलं. मग तो आईकडे तक्रार करतो. आई म्हणजे परीमाता, तीच जिने सिंड्रेलासाठी भोपळ्याची बग्गी केली. आपल्या मुलाला नोकरी लागावी म्हणून मंत्र्यापर्यंत जाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, ही बाई राजापर्यंत जाते. तिसऱ्या भागात आई नाही, तर चिरंजीव एका खानावळीत, लोक जेवत असताना, स्वतःच्याच पराक्रमाचं नाटक करताना दिसतात. लोक हुर्यो उडवतात.

मला या सगळ्यांत सर्वांत आवडतो तो डिस्नेच्या २००९च्या चित्रपटातला नवीन. नाव वाचून नात्यातला वाटतो, पण आहे माल्डोनिया नावाच्या काल्पनिक देशाचा. आईवडिलांनी पैसे बंद केलेले, म्हणून श्रीमंत मुलगी गाठायला न्यू ऑर्लिन्सला आलेला, आणि तिथे बेडूक होऊन बसलेला. ग्रिमांच्या जुन्या गोष्टीतल्या बेडकाची मागणी होती की राजकन्येच्या ताटात जेवीन, तिच्या बिछान्यात झोपीन. तिने वैतागून त्याला भिंतीवर फेकला तेव्हा त्याचा राजपुत्र झाला. चुंबनापेक्षा हा उपाय मला जास्त पटतो. चित्रपटातली टियाना हॉटेल काढायच्या जिद्दीने राबणारी. चुंबन घेते तर उलट तीच बेडकी होते. मग दलदलीत, बेडकाच्या अवतारात, ती त्याला आळंबी बारीक चिरायला बसवते. त्याला येत नाही. ती दाखवते. पुढे तो चिरतो. एवढ्या शतकांत हातात सुरी घेऊन चिरायला बसलेला राजपुत्र मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर २०१३ साली हान्स आला. अँडरसनच्या 'स्नो क्वीन'वरून सुचलेला चित्रपट, 'फ्रोझन'. त्या मूळ गोष्टीत एक राजपुत्र आहे, चार ओळींपुरता: थकून आलेल्या गेर्डाला झोपायला मिळावं म्हणून स्वतःच्या पलंगावरून उठणारा. बिचारा चित्रपटात आलाच नाही. आला हान्स, बारा भावांच्या पाठचा तेरावा. राजकन्या ॲनाला तो सकाळी भेटतो, संध्याकाळपर्यंत लग्न ठरतं, आणि थोरली बहीण एल्सा सांगते, आजच भेटलेल्या माणसाशी लग्न करता येणार नाही. १९३७च्या चित्रपटात हे कोणी म्हटलं असतं तर चित्रपटच झाला नसता. जुन्या खोडाचा प्रश्न पडद्यावर यायला ७६ वर्षं लागली.

गंमत अशी, की हान्सच्या बाबतीत त्या प्रश्नाला उत्तर होतं. ॲना त्याच्यावर राज्य सोपवून जाते तेव्हा तो एल्साच्या बर्फाच्या जादूने गारठलेल्या प्रजेला पांघरुणं वाटतो, महालाचे दरवाजे उघडतो, गरम सूपची सोय करतो. सगळ्या घराण्यात कारभार कळणारा एवढा एकच निघाला, आणि नेमका तोच बहिणींच्या गादीवर टपलेला. बाकीचे काही करत नव्हते, म्हणून इतकी वर्षं सज्जन ठरले.

उघडा पडल्यावर त्याला जहाजात घालून मोठ्या भावांकडे परत पाठवलं. २०१५च्या 'फ्रोझन फीव्हर' या छोट्या चित्रपटात तो पुन्हा दिसतो, घरच्या तबेल्यात, हातात फावडं घेऊन घोड्यांची लीद उपसताना. तेवढ्यात सर्दी झालेल्या एल्साच्या शिंकेने उडालेला भलाथोरला बर्फाचा गोळा समुद्र ओलांडून येतो आणि याला लिदीने भरलेल्या गाडीत पाडतो. घोडे बघत असतात.